बातमीदार बाईला बातमीदारच राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऐतिहासिक रहस्यकथा लिहू पाहणाऱ्यांसाठी आपल्या साहित्य पुरवणीत आलेला मार्गदर्शनपर लेख वाचला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची न्यूयॉर्क किंवा लंडनमधली धाडसी बातमीदार नायिका म्हणून घ्यावी आणि तिला खुन्याच्या मागावर सोडावं, हा सल्ला चांगलाच आहे. पण लेखात पुढे जो नमुना आराखडा दिला आहे, त्यात ही बाई १८८८ साली पेल्यावरचे बोटांचे ठसे जुळवते, बाहीवरचा डाग माणसाच्याच रक्ताचा असल्याचा दाखला रसायनतज्ज्ञाकडून मिळवते आणि शेवटी पिस्तूल रोखून खुन्याला धरते. सनावळीच्या चुका तर आहेतच. त्याहून मोठी अडचण ही की या सगळ्यात ती बातमीदार आहे कुठे? तिच्या जागी एखादा फौजदार बसवला तरी कथेचं पान हलणार नाही.

सनावळी आधी उरकून घेऊ. ठशांवरून गुन्हेगार ओळखता येईल, असं हेन्री फॉल्ड्स यांनी १८८० मध्येच ‘नेचर’ला लिहिलं होतं. प्रत्यक्षात त्यावरून खुनाचा छडा लागला तो १८९२ मध्ये, अर्जेंटिनात. ठशांची पहिली सरकारी कचेरी कलकत्त्यात १८९७ मध्ये उघडली, स्कॉटलंड यार्डचा विभाग १९०१ मध्ये सुरू झाला आणि इंग्लंडमध्ये ठशाच्या पुराव्यावर खुनाची पहिली शिक्षा झाली १९०५ मध्ये. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावताच माणूस कोसळतो, हेही तसंच चुकीचं. ते व्हायला काही मिनिटं लागतात, तोवर माणूस हातपाय झाडतो, आणि शुद्ध हरपल्यावरही मात्रा चालू ठेवून हनुवटी सावरावी लागते, नाहीतर जीभ मागे पडून तो दगावतो.

रक्ताचं प्रकरण मात्र लेखकाला सोन्याची खाण ठरावं असं आहे. डाग माणसाच्या रक्ताचा की जनावराच्या, हे खात्रीने सांगणारी चाचणी पाउल उलेनहुट यांनी शोधली १९०१ मध्ये. तोवर ग्वायकम नावाच्या झाडाची राळ वापरत. डागाच्या अर्कात तिचा अर्क आणि पेरॉक्साइड घातलं की निळा रंग येतो. पण तसाच निळा रंग काही भाज्यांच्या रसानेही येतो. सूक्ष्मदर्शकाखाली कोंबडीचं रक्त ओळखता येई, कारण पक्ष्यांच्या तांबड्या पेशी लंबगोल असतात आणि त्यांत केंद्रक असतं. डुक्कर, कुत्रा आणि माणूस या तिघांच्या पेशी मात्र गोल आणि बिनकेंद्रकाच्या. त्यांची मापं काढून फरक सांगणारे तज्ज्ञ साक्षीला उभे राहत, आणि समोरच्या बाजूचे तज्ज्ञ ती मापं खोडून काढत. म्हणजे १८८८ मधल्या संशयिताने कोंबडीचं रक्त म्हटलं तर तो पकडला जाईल, डुकराचं म्हटलं तर सुटेल. लंडनच्या ज्या भागात १८८८ मध्ये ‘जॅक द रिपर’चे खून झाले, त्या व्हाइटचॅपेलमध्ये कत्तलखाने होते, रक्ताने माखलेल्या कपड्यांत माणसं पहाटे घरी परतत आणि कोणी मान वळवून बघतही नसे. ही अडचण लेखकाने प्रयोगशाळा आणून सोडवून टाकली, तर हाती काय उरलं?

आता मूळ मुद्दा. बातमीदाराची हत्यारं कोणती होती आणि ती कुठे दगा देत, हे समजून घेतलं तर रहस्य त्यातूनच उभं राहतं.

अमेरिकन बातमीदार नेली ब्लायचं उदाहरण लेखात एका वाक्यात उरकलं आहे. तिची कारकीर्दच संपादकाला लिहिलेल्या पत्रातून सुरू झाली. १८८५ मध्ये ‘पिट्सबर्ग डिस्पॅच’मध्ये मुलींची जागा घरात, अशा आशयाचा स्तंभ आला. एलिझाबेथ कॉकरन या तरुणीने (हीच पुढे नेली ब्लाय झाली) खरं नाव न देता त्याला तिखट उत्तर पाठवलं आणि संपादकाने पत्रलेखिकेने पुढे यावं म्हणून वर्तमानपत्रातच निवेदन छापलं. पुढे १८८७ मध्ये ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’साठी वेडाचं सोंग घेऊन ती ब्लॅकवेल्स आयलंडवरच्या स्त्रियांच्या वेड्यांच्या इस्पितळात दहा दिवस राहिली, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. लेखकाने बघायला हवं ते त्या कामाचं नियोजन. थेट इस्पितळाच्या दारात जाऊन भागणार नव्हतं, आत जायला कागद लागत. म्हणून ती आधी नोकरदार बायकांच्या स्वस्त वसतिगृहात खोटं नाव सांगून उतरली आणि रात्रभर न झोपता इतर बायकांना घाबरवलं. त्यांनी पोलीस बोलावले, पोलिसांनी न्यायाधीशापुढे उभं केलं, तिथून बेलव्ह्यू इस्पितळ, तिथल्या डॉक्टरांचा शेरा आणि मग बोट. प्रत्येक पायरीवर निर्णय दुसऱ्या कोणीतरी घेतला. सोंगाची खरी करामत तिथे आहे, वटारलेल्या डोळ्यांत नाही.

त्यात धोका कुठून आला, तर डॉक्टरांकडून नव्हे. ही अनोळखी सुंदर वेडी कोण, म्हणून इतर वर्तमानपत्रांचे बातमीदार तिला बघायला बेलव्ह्यूत आले आणि त्यांच्यापैकी कोणी ओळखेल या भीतीने तिचा जीव टांगणीला लागला. बाहेर पडण्याची वाटही तिच्या हातात नव्हती, ते काम वर्तमानपत्राच्या वकिलाने केलं. रहस्यकथेत याच सांध्यावर घाव घालता येतो: ती आत आहे, आणि तिचं खरं नाव माहीत असलेला बाहेरचा एकुलता एक माणूस मरतो. पुढची गोष्ट तर आणखी उपयोगाची. लेखमाला छापून आल्यावर ग्रँड ज्यूरी (आरोपांची प्राथमिक चौकशी करणारं नागरिकांचं मंडळ) तिला घेऊन पाहणीला गेली, तेव्हा इस्पितळ लख्ख झालेलं होतं आणि तिने नावानिशी लिहिलेल्या काही बायका तिथे सापडल्याच नाहीत. बातमी छापली की पुरावा हलतो. पोलीस गुपचूप झडती घेऊ शकतात, बातमीदाराला मात्र छापल्याशिवाय किंमत नाही आणि छापल्यावर पुरावा जागेवर नाही. कथेचा कणा हवा असेल तर तो हा आहे.

दुसरं हत्यार मृत्यूची न्यायचौकशी, म्हणजे कॉरोनरची (संशयास्पद मृत्यू तपासणाऱ्या अधिकाऱ्याची). ती उघड्यावर चाले, ज्यूरीला प्रेत प्रत्यक्ष बघावं लागे आणि बातमीदार साक्षी शब्दशः उतरवून घेत. १८८८ मधल्या लंडनच्या खुनांतल्या साक्षी आज आपल्याला तपशीलवार ठाऊक आहेत त्या मुख्यतः वर्तमानपत्रांमुळे. साक्ष घ्यायची ती पिटमन लघुलिपीत. तिच्यात जाड आणि बारीक रेघेने अक्षर बदलतं, त्यामुळे शिसपेन्सिलीचं टोक बोथट झालं की ‘प’ आणि ‘ब’ एक होतात. स्वर घाईत गाळलेले असतात. म्हणून वही त्याच रात्री उलगडून ठेवायची, आठवड्याने स्वतःलाच लागत नाही. मेलेल्या सहकाऱ्याची वही नायिकेने झरझर वाचून काढली, असं लिहिणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. तिला एकेका शब्दाचे दोन-तीन पर्याय दिसतील, आणि रहस्य तिथे लपवता येतं.

बाईसाठी इथे एक खास काटा आहे. १९ सप्टेंबर १८८८ ला या खुनांतल्या एका बळीच्या, ॲनी चॅपमनच्या, चौकशीत डॉक्टर फिलिप्स यांना मृतदेहावरच्या जखमांचं वर्णन पुन्हा करायला सांगितलं गेलं. ते आधी नाखूश होते, कॉरोनर बॅक्स्टर यांनी आग्रह धरला, आणि साक्ष सुरू होण्याआधी बायका व मुलगे यांना दालनाबाहेर काढण्यात आलं. आत बसलेल्या पुरुष बातमीदारांनीही त्यातलं बरंच छापण्याजोगं नाही म्हणून गाळलं. म्हणजे ज्या तपशिलावरून खुन्याला शरीररचनेचं ज्ञान होतं का हे ठरायचं, नेमक्या त्याच वेळी आपली नायिका दाराबाहेर उभी. तिला तो तपशील मिळवायचा तर कोणाकडून, आणि बदल्यात काय द्यावं लागेल? तिला पुरुषी कपडे घालून आत बसवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, त्याने हाती आलेला प्रसंग वाया जातो.

न्यूयॉर्कची व्यवस्था वेगळी. तिथे कॉरोनर निवडून येत, त्यांना डॉक्टर असण्याची अट नव्हती आणि भ्रष्टाचार सर्रास होता. वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या अधिकाऱ्याची व्यवस्था १९१८ मध्ये आली. त्यामुळे लंडनच्या कथेत डॉक्टरची साक्ष हे रहस्याचं दार ठरू शकतं, न्यूयॉर्कच्या कथेत तीच साक्ष विकत घेतलेली असू शकते. दोन्ही शहरं एकाच मापाने लिहू नयेत.

विषप्रयोगाची कथा असेल तर इंग्लंडमधलं औषधविक्रेत्याचं विषाचं रजिस्टर विसरू नये. १८५१ च्या कायद्यानुसार सोमल (आर्सेनिक) विकताना खरेदीदाराचं नाव, पत्ता, प्रमाण, कशासाठी हवा ते लिहून सही घ्यावी लागे. दुकानदार त्याला ओळखत नसेल तर दोघांना ओळखणारा साक्षीदार लागे. थोडाथोडका विकायचा सोमल रंगवलेला असे: एका पौंडाला किमान एक औंस काजळी किंवा अर्धा औंस नीळ. त्यामुळे पांढऱ्या खिरीत किंवा दुधात तो मिसळला तर रंग चुगली करतो, काळ्या कॉफीत खपून जातो. माश्या मारायच्या कागदांत मात्र सोमल असे आणि ते कागद सहज मिळत. पाण्यात भिजवले की झालं. १८८९ च्या लिव्हरपूलच्या मेब्रिक खटल्यात (नवऱ्याला विष दिल्याचा आरोप बायकोवर होता) हेच कागद गाजले. रजिस्टर बघायला पोलिसी अधिकार लागतोच असं नाही. गप्पिष्ट दुकानदार आणि गल्ल्यावर वाकून उलटं वाचता येणारी बाई, एवढ्यावर काम भागू शकतं.

प्रेत उकरून तपासलं, असं लिहिताना मार्शची चाचणी वापरतात, ते बरोबर. ती १८३६ पासूनची. जस्त आणि गंधकाम्ल यांनी हायड्रोजन तयार करायचा, त्यात संशयित द्रव घालायचा, निघालेला वायू तापवलेल्या काचनळीतून सोडायचा. सोमल असेल तर नळीच्या थंड भागावर चकचकीत काळपट आरसा धरतो. फसायच्या जागा तीन. जस्तातच सोमल असू शकतो, म्हणून आधी नुसत्या रसायनांची कोरी चाचणी करावी लागते. अँटिमनीचाही असाच आरसा धरतो. सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात सोमलाचा विरघळतो, अँटिमनीचा राहतो. आणि तिसरी जागा अमेरिकेपुरती: यादवी युद्धानंतर तिथे प्रेतं टिकवायला जे द्रव भरत त्यांत सोमलच असे. प्रेत टिकवणाऱ्याला बोलावण्याची घाई घरातल्या कोणी केली, हा प्रश्न विचारणारी बातमीदार मला पिस्तूलवालीपेक्षा जास्त धोकादायक वाटते.

तारेबद्दल एक चूक फार पाहण्यात येते. नायिकेला तार येते आणि ती अक्षर ओळखून दचकते. मिळालेल्या तारेवर अक्षर असतं ते घेणाऱ्या कचेरीतल्या तारबाबूचं. पाठवणाऱ्याने स्वहस्ते भरलेला कागद राहतो तो पाठवणाऱ्या कचेरीत. अमेरिकेत असे कागद न्यायालयाच्या हुकमाने हजर करून घेता येत, आणि काही काळाने ते नष्ट केले जात. म्हणजे खुन्याचं हस्ताक्षर हवं असेल तर शेकडो मैलांवरच्या कचेरीत, कागद फाडले जायच्या आत, पोचायला हवं. दचकण्यापेक्षा हा प्रवास केव्हाही रंगतदार. टेलिफोनने हे काम भागणार नाही. न्यूयॉर्क-शिकागो फोन सुरू झाला १८९२ मध्ये. टंकलेखन यंत्र घेतलंत, तर तेव्हाच्या नेहमीच्या यंत्रांत अक्षर कागदाच्या खालून उमटे आणि टंकणाऱ्याला ओळ लगेच दिसत नसे, हे धरून लिहा. खांद्यावरून वाकून ‘ती काय टाइप करतेय’ ते खलनायकाला वाचता येणार नाही.

छायाचित्रांचंही असंच. अंधाऱ्या खोलीतली छायाचित्रं १८८७ मध्ये झगमगाटी पूड आल्यावर शक्य झाली. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम क्लोरेट यांचं ते मिश्रण. बातमीदार-छायाचित्रकार जेकब रीस यांनी ती न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत वापरली, आणि त्यात आगी लागण्याचे प्रसंगही आले. एक लखलखाट, मग खोलीभर पांढरा धूर, दुसरी संधी नाही. छायाचित्र मिळालं तरी रोजच्या वर्तमानपत्रात तेव्हा ते सहसा जसंच्या तसं छापलं जात नसे, चित्रकार त्यावरून रेखाचित्र काढी. त्याने घाईत खुन्याची मिशी गाळली किंवा टोपी बदलली तर? वाचकांना दिसतं ते चित्र, खरं काय ते काचेच्या पट्टीवर, आणि काच फुटते.

वर्तमानपत्रांनी खुनाचा माग खरोखर कसा काढला, याचा धडा हवा असेल तर न्यूयॉर्कचं १८९७ चं गुल्डनझुप्पे प्रकरण बघावं. जून अखेरीस ईस्ट नदीत पोरांना एक गाठोडं सापडलं. आत शिर नसलेलं धड, वर लाल नक्षीचं मेणकापड. दुसऱ्या दिवशी शहराच्या उत्तर टोकाला झाडीत उरलेला भाग, त्याच मेणकापडात. पोलिसांना आधी वाटलं, वैद्यकीय विद्यार्थ्यांचा वात्रटपणा असेल. हर्स्टच्या ‘जर्नल’ने आणि पुलित्झरच्या ‘वर्ल्ड’ने मात्र माणसं कामाला लावली. जर्नलने बक्षीस लावलं आणि मेणकापडाची नक्षी रंगीत छापली. तर्क साधा: मेणकापड स्वस्त असलं तरी ठरावीक नक्षी ठरावीक दुकानांतच जाते, आणि एवढा मोठा तुकडा एकदम नेणारं गिऱ्हाईक दुकानदाराच्या लक्षात राहतं. इकडे शवागारात हात बघून बातमीदारांना वाटलं, हे मालिश करणाऱ्याचे हात असावेत. मग शहरातल्या स्नानगृहांत चौकशी: कामावर न आलेला कोणी आहे का? होता. विल्यम गुल्डनझुप्पे. तो राहायचा ऑगस्टा नॅक या सुईणीकडे, आणि तिचा दुसरा प्रियकर मार्टिन थॉर्न, धंद्याने न्हावी. दोघांनी क्वीन्समध्ये वुडसाइडला खोट्या नावाने घर भाड्याने घेतलं होतं. तिथलं सांडपाणी उघड्यावर जात होतं आणि शेजारच्या माणसाची बदकं त्यात डुंबून लालसर झाली, असं वर्तमानपत्रांनी छापलं. शिर कधीच सापडलं नाही. थॉर्नला १८९८ मध्ये विजेच्या खुर्चीत मृत्युदंड झाला, नॅकबाईंना पंधरा वर्षांची शिक्षा झाली.

या सगळ्यात ना ठसा आहे, ना पिस्तूल. कापडाचं दुकान, हातांची ठेवण, गैरहजेरीची चौकशी, भाड्याचं घर. यातली निम्मी कामं बाईने केली तर कोणाला संशयही येणार नाही. मेणकापड विकत घ्यायला आलेल्या बाईकडे दुकानदार बघणार तो गिऱ्हाईक म्हणूनच. रात्री एकटीला हॉटेलात जेवायला बसू देणार नाहीत, पण सुईणीच्या दारात ती बिनदिक्कत उभी राहू शकते. तुरुंगातल्या स्त्री आरोपींच्या मुलाखतीही अशा बायकांना मिळत. १८९३ मध्ये अनेक खुनांचा आरोप असलेल्या लिझी हॅलिडेला नेली ब्लाय तुरुंगात जाऊन भेटली होती.

घाईचा दुष्परिणामही दाखवायला हवा. लंडनमध्ये सप्टेंबर १८८८ मध्ये वर्तमानपत्रांनी ‘लेदर एप्रन’ या टोपणनावाच्या माणसाला जवळजवळ खुनी ठरवून टाकलं. जॉन पायझर नावाच्या चांभाराला अटक झाली. खुनांच्या वेळी तो दुसरीकडे होता हे सिद्ध झालं आणि लोकांनी ठेचू नये म्हणून चौकशीत उभं करून त्याचं नाव साफ करावं लागलं. त्याच महिन्यात सेंट्रल न्यूज या वृत्तसंस्थेकडे खुन्याच्या नावाने पत्र आलं, आणि ते एखाद्या पत्रकारानेच लिहिलं असावं, असं पुढे काही पोलीस अधिकाऱ्यांनी म्हटलं. नायिकेचाच सहकारी खप वाढवायला खुन्याची पत्रं लिहितोय, आणि त्यातल्या एका पत्रात असा तपशील आहे जो त्याला ठाऊक असायचं कारण नाही. हे सूत्र कोणी वापरलं तर माझी हरकत नाही.

खुनी कोण हे गावभर ठाऊक असतानाही बातमीदाराचं काम संपत नाही, हे आयडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय अमेरिकन पत्रकार बाईंच्या कामात दिसतं. मार्च १८९२ मध्ये मेम्फिसमध्ये थॉमस मॉस आणि त्यांच्या दोन साथीदारांना, तिघाही कृष्णवर्णीयांना, जमावाने तुरुंगातून ओढून नेऊन ठार मारलं. किराणा दुकान चालवून गोऱ्या दुकानदाराशी स्पर्धा केली, हा त्यांचा खरा अपराध. मॉस हे वेल्स यांचे मित्र होते. वेल्स यांनी आपल्या ‘फ्री स्पीच’ या पत्रात लिहायला सुरुवात केली, मग जमावाच्या इतर हत्यांची पाळंमुळं शोधली. मे महिन्यात त्या बाहेरगावी असताना त्यांची कचेरी उद्ध्वस्त केली गेली आणि परत आलात तर जिवंत सुटणार नाही, अशा धमक्या आल्या. त्यांनी न्यूयॉर्कहून लिखाण चालू ठेवलं. पद्धत बघण्यासारखी आहे: हत्यांचे आकडे वेल्स गोऱ्यांच्या मालकीच्या ‘शिकागो ट्रिब्यून’मधून घेत, म्हणजे ते फुगवल्याचा आरोप करायला जागाच नको. ‘खुनी कोण’ याऐवजी ‘छापणार कोण’ हा प्रश्न धरून रहस्यकथा लिहिता येते, आणि ती मिळमिळीत होत नाही.

शेवटच्या प्रसंगाबद्दल. पिस्तूल काढून घेतलं तर शेवट कसा करायचा, असं लेखकाला वाटेल. छापखान्यात करावा. जुळवलेल्या पानावर ओल्या लगद्याचा पुठ्ठा दाबून साचा घेतात, तो वाळवून त्यात वितळलेला धातू ओततात आणि निघालेला अर्धगोल ठसा फिरत्या यंत्रावर चढवतात. ठसा ओतून झाला की ओळ बदलता येत नाही. फार तर छिन्नीने नाव तासून काढता येतं, आणि मग छापलेल्या अंकात त्या जागी पांढरा डाग दिसतो. रात्री उशिरा मालकाचा निरोप येतो: अब्रुनुकसानीचा दावा लागेल, आरोप खरा असल्याचं आपल्यालाच शाबीत करावं लागेल, नाव काढा. नायिकेकडे औषधविक्रेत्याच्या सहीची नक्कल आहे, तारेचा मूळ कागद उद्या सकाळच्या गाडीने यायचा आहे, आणि छिन्नी घेतलेला कामगार तिच्याकडे बघतोय.

आराखडा दुरुस्त करून पुन्हा छापणार असाल, तर त्यातलं एक वाक्य तेवढं वगळावं. १८८५ च्या न्यूयॉर्कमधल्या वर्तमानपत्राच्या कचेरीत ‘लिनोटाइपची’ (छपाईच्या ओळी ओतणाऱ्या यंत्राची) ‘खडखड’ ऐकू येते असं त्यात म्हटलं आहे. ते यंत्र ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये पहिल्यांदा चाललं ते जुलै १८८६ मध्ये. त्याआधी छपाईचे खिळे हाताने जुळवत, आणि आवाज यायचा तो घड्याळाचा व शिव्यांचा.

आपला,
पुरवणीचा एक नियमित वाचक